रागाच्या टोकाचा शब्द

बहुतेक वर्षी 7 जूनला चीनमधली एक कोटीहून अधिक मुले 'गाओकाओ' या परीक्षेला बसतात. विद्यापीठातला प्रवेश याच परीक्षेच्या गुणांवर ठरतो, आणि त्यात इंग्रजीचे 150 गुण असतात. 2016 मध्ये झेजियांग प्रांतात या प्रश्नपत्रिकेत एक नवा प्रश्न आला आणि पुढे तो इतर अनेक प्रांतांत पोहोचला. या प्रश्नात साडेतीनशे शब्दांच्या आतली एक गोष्ट दिलेली असते. ती ऐन वळणावर थांबते. पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये छापलेली असतात आणि बाकीचे विद्यार्थ्याने सुमारे 150 शब्दांत पुरे करायचे असते. गुण 25. गोष्टी बहुधा घरातल्या, शाळेतल्या, सहलीच्या. त्यांत कोणीतरी हट्ट करतो, कोणीतरी खोटे बोलतो, आणि कोणाला तरी राग येतोच.

त्यामुळे राग व्यक्त करणारे इंग्रजी शब्द मुले मन लावून पाठ करतात. तयारीच्या वह्यांत 'वरच्या दर्जाचे शब्द' अशा याद्या असतात. डाव्या रकान्यात साधा शब्द, उजव्या रकान्यात भारदस्त. डावीकडे 'अँग्री' असेल तर उजवीकडे 'फ्युरिअस'. मग मुलगा लिहितो, 'माय फादर वॉज व्हेरी फ्युरिअस टू मी.' शब्द सगळे खरे आहेत, अर्थही पोहोचतो, तरी इंग्रजी कानाला हे वाक्य दोन ठिकाणी टोचते: एकदा 'व्हेरी'पाशी आणि एकदा 'टू'पाशी.

या दोन्ही चुका आळसातून होत नाहीत. चिनी भाषेचे व्याकरण मुलाला जे शिकवते त्याचा हा सरळ परिणाम आहे. आणि माझे म्हणणे असे की त्यावरचा उपायही चिनी भाषेतच आहे. मुलाला इंग्रजी व्याकरणाचा नवा नियम देण्याआधी त्याच्या स्वतःच्या भाषेतली एक गोष्ट दाखवून दिली तर अर्धे काम होते. याद्यांनी केलेले खरे नुकसान मात्र तिसरेच आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी 'व्हेरी'. मँडरिन शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यांत 'हन्' हा शब्द भेटतो. कोशात त्याचा अर्थ 'खूप' असा दिलेला असतो. बोलण्यात मात्र तो बहुतेकदा 'खूप' नसतो. मँडरिनमध्ये विशेषणापुढे 'आहे' लागत नाही. 'तो उंच' एवढ्याने वाक्य होऊ शकते. पण नुसते 'ता गाओ' म्हटले तर ऐकणाऱ्याला ते अर्धवट वाटते, जणू दोघांची तुलना चालली आहे आणि दुसऱ्याबद्दल अजून बोलायचे आहे. म्हणून मध्ये 'हन्' येतो: 'ता हन् गाओ'. याचा अर्थ 'तो उंच आहे', बस. खरोखरच 'खूप उंच' म्हणायचे असेल तर 'हन्'वर जोर द्यावा लागतो किंवा 'फेइछांग'सारखा दुसरा शब्द वापरावा लागतो.

आता हा मुलगा इंग्रजीकडे वळतो. 'हन्'चा प्रतिशब्द म्हणून त्याला 'व्हेरी' मिळतो. सुरुवातीला तो 'आय व्हेरी हॅपी' म्हणतो, मग शिक्षक मध्ये 'अ‍ॅम' घालायला शिकवतात आणि 'आय अ‍ॅम व्हेरी हॅपी' असे बिनचूक वाक्य तयार होते. 'हॅपी', 'टायर्ड', 'अँग्री' या शब्दांपुढे 'व्हेरी' चालतोच, त्यामुळे सवय पक्की होते. ज्या दिवशी 'अँग्री'च्या जागी 'फ्युरिअस' येतो त्या दिवशी 'व्हेरी' तिथेच राहतो. तो काढावा असे मुलाला का वाटेल? त्याच्या मनात त्या शब्दाचे काम तीव्रता वाढवणे हे नाहीच, विशेषणाला वाक्यात बसवणे हे आहे.

इंग्रजीतल्या विशेषणांचे मात्र दोन स्वभाव आहेत. काहींना पायऱ्या असतात. माणूस थोडासा 'अँग्री' असू शकतो, बराच असू शकतो, खूप असू शकतो. दुसऱ्या प्रकारची विशेषणे थेट टोकाला उभी असतात. थंडीसाठी 'कोल्ड'च्या पलीकडे 'फ्रीझिंग', थकव्यासाठी 'टायर्ड'च्या पलीकडे 'एक्झॉस्टेड', आकारासाठी 'बिग'च्या पलीकडे 'इनॉर्मस', आणि रागासाठी 'अँग्री'च्या पलीकडे 'फ्युरिअस'. 'खूप' हा अर्थ या शब्दांच्या पोटातच असतो, म्हणून पुढे पुन्हा 'व्हेरी' लावला की ते खटकते. टोकावरच्या शब्दाला जोर द्यायचा असेल तर इंग्रजी 'अ‍ॅब्सोल्यूटली' लावते, 'अटर्ली' लावते, बोलताना 'रिअली' लावते. 'अ‍ॅब्सोल्यूटली फ्युरिअस' ही जोडी तर इतकी रुळलेली आहे की विद्यार्थ्याने ती एकच शब्द समजून पाठ करावी. ब्रिटिश इंग्रजीतला 'क्वाइट' या बाबतीत फार शिकवणारा आहे. 'क्वाइट अँग्री' म्हणजे बऱ्यापैकी रागावलेला, पण 'क्वाइट फ्युरिअस' म्हणजे पुरता संतापलेला. पुढच्या विशेषणाचा स्वभाव बदलला की त्याच 'क्वाइट'चा अर्थ बदलतो.

हा नियम गणितासारखा कडक नाही, हेही मुलांना सांगायला हवे. 'सो फ्युरिअस दॅट' ही रचना पूर्ण मान्य आहे: ती इतकी संतापली की तिच्या तोंडून शब्द फुटेना. 'मोअर फ्युरिअस दॅन एव्हर' असेही लोक लिहितात. आणि 'व्हेरी फ्युरिअस' म्हणणारा इंग्रज शोधला तर सापडेल. प्रश्न चूक-बरोबरपेक्षा रूढीचा आहे. परीक्षेत आणि कामाच्या पत्रात रूढीला सोडून चालत नाही.

आता उपाय. 1956 मध्ये जू दशी या चिनी भाषाशास्त्रज्ञांनी मँडरिनमधल्या विशेषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विशेषणांचे दोन गट पाडले: गुण सांगणारी आणि अवस्था सांगणारी. पहिल्या गटातल्या शब्दांना 'हन्' लागतो, दुसऱ्यांना तो चालतच नाही. 'बाय' म्हणजे पांढरा. 'हन् बाय' बरोबर. पण 'श्युएबाय' म्हणजे बर्फासारखा पांढरा; त्यापुढे 'हन्' लावला तर बीजिंगमधले शाळकरी पोरही हसेल. तसेच 'बिंगल्यांग', म्हणजे बर्फगार. तसेच 'तोंगहोंग', म्हणजे पार लाल.

मराठी वाचकाला हे समजायला काहीच कष्ट पडू नयेत. आपण 'खूप पांढरा' म्हणतो, पण 'खूप पांढराशुभ्र' म्हणत नाही. 'फार काळाकुट्ट', 'अतिशय हिरवागार', 'खूप पिवळाधमक' हे प्रयोग जिभेवर येता येताच अडतात. 'कुट्ट', 'गार', 'धमक' यांनी 'खूप'चे काम आधीच केलेले असते. गंमत अशी की मराठीतला 'लालबुंद' आणि चिनीतला 'तोंगहोंग' हे दोन्ही शब्द रागावलेल्या माणसाच्या चेहऱ्यासाठी हमखास वापरले जातात, आणि दोन्ही भाषांत त्यांच्यापुढे 'खूप' लावायला कोणी धजत नाही.

म्हणून चिनी विद्यार्थ्याला सांगण्याचे वाक्य अगदी छोटे आहे: 'फ्युरिअस' हा 'श्युएबाय'च्या गटातला शब्द आहे. ज्या सहज जाणिवेने तू 'हन् श्युएबाय' म्हणत नाहीस, तीच जाणीव इथे लाव. इंग्रजीतल्या व्याकरणाच्या संज्ञा त्याला नंतर शिकवता येतील, नाही शिकवल्या तरी बिघडणार नाही.

दुसरी टोचणी 'टू मी'ची. मँडरिनमध्ये ज्याच्यावर राग आहे त्याच्या आधी बहुधा 'दुइ' येतो. 'दुइ' म्हणजे समोर, च्याकडे तोंड करून. 'ता दुइ वो हन् शंगछी' म्हणजे 'तो माझ्यावर रागावला आहे'. कोशात 'दुइ'पुढे 'टू' आणि 'टुवर्ड्ज' दिलेले असते, मुलगा त्यातले सोपे उचलतो. मराठी मुलाची चूक वेगळी असते, पण तिचे कारण हेच असते. आपला राग माणसाच्या 'वर' असतो, म्हणून आपल्या वर्गावर्गांत 'ही इज अँग्री ऑन मी' ऐकू येते. मराठी माणूस 'ऑन' म्हणतो, चिनी माणूस 'टू' म्हणतो, आणि इंग्रज म्हणतो 'विथ'.

या 'विथ'शी मुलांची खरी झटापट होते. ती तो 'सोबत' या अर्थाने शिकलेली असतात. 'शी वॉज फ्युरिअस विथ मी' वाचल्यावर दोघे मिळून तिसऱ्या कोणावर तरी भडकले आहेत असा समज होऊ शकतो. इथे शिक्षकाने थांबून उदाहरणे द्यावीत. माणूस असेल तर 'विथ'. 'अ‍ॅट' पण चालतो. घटना किंवा निर्णय असेल तर 'अ‍ॅट' किंवा 'अबाउट'. कारण सांगायचे असेल तर माणसापुढे 'फॉर' जोडायचा: 'फ्युरिअस विथ हिम फॉर ब्रेकिंग द विंडो'. पूर्ण वाक्य जोडायचे असेल तर 'दॅट'. आणि 'फ्युरिअस विथ मायसेल्फ', स्वतःवरच संतापणे, ही रचना कथालेखनात फार उपयोगी पडते, तरी याद्यांत ती क्वचितच दिसते.

'शंगछी' हा शब्दही जरा उलगडून पाहण्यासारखा आहे. वरवर तो विशेषणासारखा वागतो, पण आतून ते क्रियापद आणि त्याचे कर्म आहे. 'शंग' म्हणजे उत्पन्न होणे, उत्पन्न करणे. 'छी' म्हणजे हवा, वाफ, श्वास, शरीरात खेळणारी प्राणशक्ती. या दोन भागांमध्ये इतर शब्द शिरू शकतात. 'शंग वो द छी' म्हणजे शब्दशः 'माझी छी उत्पन्न करणे', अर्थ 'माझ्यावर रागावणे'. ज्याच्यावर राग आहे तो माणूस चिनीमध्ये असा शब्दाच्या पोटात जाऊन बसतो. इंग्रजीत त्याला विशेषणाच्या बाहेर, शब्दयोगी अव्ययाच्या आधाराने उभे करावे लागते. चिनी मुलाला हा बदल करायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला मिळायला हवा.

वेळेवरून आणखी एक मुद्दा. 'ता शंगछी ल' या वाक्यातला शेवटचा 'ल' बदल दाखवतो: राग नव्हता, आता आला. इंग्रजीतले 'ही वॉज फ्युरिअस' हे अवस्थेचे वाक्य आहे. तो संतापलेला होता. केव्हापासून ते त्यात नाही. राग चढण्याचा क्षण दाखवायचा असेल तर 'बिकेम' किंवा 'गॉट' लागतो, नाहीतर 'व्हेन'ने प्रसंग जोडावा लागतो: वडिलांना निकाल कळला तेव्हा ते फ्युरिअस होते. कथा पुढे लिहिण्याच्या प्रश्नात हा क्षणच महत्त्वाचा असतो, आणि तिथेच अनेक मुले नुसते 'वॉज' लिहून पुढे निघून जातात.

आता याद्यांनी केलेले नुकसान. डावीकडे 'अँग्री', उजवीकडे 'फ्युरिअस' असे छापले की मुलाला वाटते, दोन्हींचा अर्थ एक आहे, दुसरा फक्त जास्त गुण देणारा आहे. मग गोष्टीतली आई दूध उतू गेले म्हणून फ्युरिअस होते, मित्र पाच मिनिटे उशिरा आला म्हणून फ्युरिअस होतो. हे मला 'व्हेरी'च्या चुकीपेक्षा मोठे वाटते. 'व्हेरी फ्युरिअस'मध्ये फक्त भाषा बिघडते, इथे पात्र बिघडते. क्षुल्लक कारणाने भान हरपणारी आई वाचकाला भीतिदायक वाटते, आणि लिहिणाऱ्याला तर ती प्रेमळ दाखवायची असते.

भान हरपणे हा अर्थ या शब्दाच्या मुळातच आहे. 'अँग्री' उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. तिथे मूळ शब्दाचा अर्थ दुःख, क्लेश असा होता. 'फ्युरिअस'चे घराणे वेगळे. लॅटिनमध्ये 'फ्युरेरे' म्हणजे बेभान होणे, वेडाच्या भरात असणे. रोमन पुराणकथांत अलेक्टो, मेगेरा आणि टिसिफोनी या तीन सूडदेवता आहेत, त्यांना 'फ्युरी' म्हणतात. ग्रीकांमध्ये त्यांचे नाव एरिनीज. आप्तांचा खून करणाऱ्याच्या पाठीस लागून त्याला वेड लावणे हे त्यांचे काम. आईला मारणाऱ्या ऑरेस्टीसच्या मागे त्या अशाच लागल्या. जुन्या फ्रेंचमार्गे 'फ्युरिअस' चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. आज घराघरांत वापरला जात असला तरी त्यात ते उधाण शिल्लक आहे. फ्युरिअस माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो, किंवा सुटण्याच्या बेतात असतो.

चिनी परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध राग याच्या समोर ठेवून पाहावा. 'नू फा छोंग ग्वान' हा चार अक्षरी वाक्प्रचार प्रत्येक चिनी मुलाला येतो. अर्थ असा की रागाने केस ताठ उभे राहून डोक्यावरच्या टोपीला वर ढकलत आहेत. त्याचे मूळ सिमा च्येन यांच्या 'शीजी' या इतिहासग्रंथात आहे. ख्रिस्तपूर्व 283 मध्ये छिन राज्याच्या राजाने जाओ राज्याकडे एक अमोल जेड मागितले आणि बदल्यात पंधरा नगरे देऊ केली. जाओचा दूत लिन श्यांगरू ते जेड घेऊन छिनच्या दरबारी गेला. राजाने जेड हातात घेतले, राण्यांना आणि दरबाऱ्यांना दाखवले, नगरांचे नावही काढले नाही. लिनने ओळखले की सौदा खोटा आहे. जेडमध्ये एक बारीक दोष आहे, तो दाखवतो, असे सांगून त्याने ते परत मागितले. हातात येताच तो मागे सरला, खांबाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला की जबरदस्ती केलीत तर माझे डोके आणि हे जेड दोन्ही या खांबावर फोडून टाकीन. त्याचे केस टोपीला भिडले ते या क्षणी. राजा नमला. पुढे लिनने जेड गुपचूप जाओला परत पाठवले.

हा माणूस फ्युरिअस होता का? विद्यार्थी सहज 'हो' म्हणेल, कारण वाक्प्रचार तीव्र रागाचा आहे आणि यादीत तीव्र रागापुढे फ्युरिअस आहे. मला तसे वाटत नाही. लिनचा राग अस्सल होता, पण त्याचा एकही शब्द, एकही पाऊल बेहिशेबी नव्हते. त्या रागाला न्यायाची बाजू होती. इंग्रजीत अशा रागासाठी 'इंडिग्नंट' आणि 'आउटरेज्ड' हे शब्द आहेत, आणि चिनीत 'फन्काय' हा त्यांच्या बराच जवळचा शब्द आहे. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाची निवेदने या दृष्टीने वाचावीत. त्यांत 'तीव्र असमाधान', 'ठाम विरोध', 'तीव्र क्षोभ' असे ठरलेल्या मापाचे शब्द असतात आणि त्यांची इंग्रजी भाषांतरेही तशीच मोजून केलेली असतात. 'फ्युरिअस' हा शब्द सरकार स्वतःबद्दल वापरत नाही, कारण ताबा सुटला असे कोणतेही सरकार कबूल करणार नाही. तो शब्द दुसरे लावतात, वर्तमानपत्रांचे मथळे लावतात.

रागाची चित्रे दोन्ही भाषांत कुठे जुळतात आणि कुठे फाटतात, यावर निंग यू या भाषाभ्यासकांनी 1990 च्या दशकात काम केले. त्याआधी जॉर्ज लेकॉफ आणि झोल्टान कोवेचेश यांनी इंग्रजीबद्दल दाखवले होते की इंग्रजी माणसाच्या मनात राग म्हणजे बंद भांड्यातला तापलेला द्रव. तो उकळतो, वाफ धरतो, शेवटी झाकण उडते. निंग यू यांचे निरीक्षण असे की चिनी भाषेत त्या भांड्यात द्रवाऐवजी वायू असतो. छी साचते, फुगते, वर चढते, आणि बाहेर पडते. आग मात्र दोन्हीकडे आहे. छीच्या या कल्पनेमागे वैद्यक आहे. 'हुआंगदी नेइजिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथात राग आला की छी वर चढते आणि राग यकृताला बाधतो असे सांगितले आहे. स्वभावाचा तापटपणा ज्या शब्दाने सांगतात त्या 'पीछी'तला 'पी' म्हणजे प्लीहा. आपल्याकडे तळपायाची आग मस्तकात जाते आणि पित्त खवळते, तेव्हा हा सगळा नकाशा आपल्याला परका वाटू नये.

वर्गात याचा उपयोग आहे. चिनी मुलाकडे रागाच्या वाक्प्रचारांची श्रीमंती असते. 'हुओ माओ सान झांग' म्हणजे आगीचा लोळ तीन झांग, आजच्या मापाने दहा मीटर, उंच उठणे. 'छी छ्याओ शंग येन' म्हणजे डोळे, कान, नाकपुड्या आणि तोंड या सातही छिद्रांतून धूर निघणे. ही चित्रे शब्दशः इंग्रजीत उतरवली की वाचकाला हसू येते, आणि रागाचा प्रसंग हातातून जातो. उलट सगळी श्रीमंती टाकून एकट्या 'फ्युरिअस'वर भागवले तर लिखाण कोरडे पडते. मधला मार्ग म्हणजे दोन्ही भाषांना समान असलेली शारीरिक खूण घ्यायची: लाल झालेला चेहरा, आवळलेल्या मुठी, थरथरणारा आवाज. त्यांना भाषांतर लागत नाही.

'फ्युरिअस'चा दुसरा चेहराही आहे आणि त्यात राग नाही. 'अ फ्युरिअस पेस' म्हणजे झपाट्याची गती, 'अ फ्युरिअस डिबेट' म्हणजे हातघाईवर आलेला वाद. 'फास्ट अँड फ्युरिअस' ही जोडी रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या 1791 मध्ये छापलेल्या 'टॅम ओ शँटर' या कवितेमुळे रूढ झाली. तिथे चेटकिणींच्या नाचाची धुंदी चढत जाते. 2001 पासून याच नावाची मोटारींच्या शर्यतींची चित्रपटमालिका सुरू झाली आणि चीनमध्ये ती प्रचंड चालली. तिथले तिचे नाव 'सूदू यू जीछिंग', म्हणजे 'वेग आणि आवेग'. नाव देणाऱ्याने योग्य अर्थ उचलला. पण अनेक मुलांना 'फ्युरिअस' हा शब्द पहिल्यांदा या पोस्टरवर भेटतो, त्यामुळे त्यांच्या मनात त्याचा पहिला अर्थ जोश, थरार असा बसू शकतो. शिक्षकाने दोन्ही अर्थ शेजारी ठेवून दाखवावेत: माणसाला लावला की राग, गतीला किंवा झुंजीला लावला की जोर.

याच शब्दाच्या क्रियाविशेषणाने, 'फ्युरिअसली'ने, भाषाशास्त्रात एक प्रसिद्ध वाक्य संपते. 1957 मध्ये नोम चॉम्स्की यांनी ते व्याकरणशुद्ध पण निरर्थक वाक्याचे उदाहरण म्हणून दिले. त्यात बिनरंगाच्या हिरव्या कल्पना झोपतात, आणि झोपतात त्याही आवेशाने. युआनरेन जाओ या थोर चिनी भाषाशास्त्रज्ञांनी ते आव्हान समजून घेतले आणि एक छोटी गोष्ट रचून त्या वाक्याला अर्थ मिळवून दिला. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चे 1922 मधले चिनी भाषांतर याच जाओंचे. शब्दाला योग्य संदर्भ दिला की तो कुठेही रुजतो, हे एका चिनीभाषकाने इंग्रजीत इतक्या सुंदर रीतीने दाखवले आहे.

शेजारच्या शब्दांबद्दल थोडेच. 'आयरेट' बातम्यांत आणि तक्रारींत शोभतो: भडकलेले ग्राहक, भडकलेले प्रवासी. घरातल्या बोलण्यात तो अवघडल्यासारखा वाटतो. 'लिव्हिड' मूळचा रंगाचा शब्द, मार लागून काळानिळा पडलेल्या कातडीचा. आज बोलण्यात त्याचा अर्थ कमालीचा संतापलेला असा आहे. 'मॅड' अमेरिकेत साध्या रागासाठी चालतो, ब्रिटनमध्ये त्याचा पहिला अर्थ वेडा. 'इन्फ्युरिएटिंग' मात्र नीट शिकवावा, कारण त्यात चूक महागात पडते. संताप आणणारी गोष्ट 'इन्फ्युरिएटिंग', संतापलेला माणूस 'फ्युरिअस' किंवा 'इन्फ्युरिएटेड'. 'आय अ‍ॅम इन्फ्युरिएटिंग' असे लिहिणारा मुलगा नकळत जगाला सांगतो की मी लोकांना संताप आणतो.

आता परीक्षेतल्यासारखा एक प्रसंग घेऊ. धाकट्या भावाने ताईचे विज्ञान प्रदर्शनासाठी केलेले पुलाचे मॉडेल मोडले आहे. यादी पाठ केलेला मुलगा पहिल्याच ओळीत लिहील की ताई त्याच्यावर व्हेरी फ्युरिअस झाली आणि फ्युरिअसली ओरडली. त्यानंतर राग वाढवायला जागाच उरत नाही, आणि अजून शंभरावर शब्द लिहायचे असतात. त्याऐवजी ताई दारात थांबू दे. तिला जमिनीवरचे तुकडे पाहू दे, हळू आवाजात विचारू दे की हे कोणी केले. भाऊ खाली बघतो. इथवर ती फार तर 'अपसेट' आहे. दोन आठवड्यांची मेहनत गेली आहे, तिला रडू येते आहे. मग भाऊ म्हणतो की मांजराने पाडले, आणि त्याच्या खिशातून पुलाचा एक लाल खांब डोकावत असतो. ताईचा चेहरा बदलतो तो इथे. आता शब्द खर्च करावा, एकदाच, आणि कारणासकट: 'शी वॉज अ‍ॅब्सोल्यूटली फ्युरिअस विथ हिम, नॉट फॉर ब्रेकिंग द ब्रिज बट फॉर लाइंग अबाउट इट.'